कळशी भरत आली हे आवाजावरून कसं कळतं? घरच्या घरी सुरांचे प्रयोग

आमच्याकडे पाणी पहाटे यायचं. आई ओट्याशी भाकरी थापत असायची, मोरीतल्या कळशीकडे तिची पाठ, आणि तरी बरोब्बर वेळेला ओरडायची, "नळ बंद कर, भरली." कळशी कधी उतू गेली नाही. मला लहानपणी वाटायचं हिला पाठीला डोळे आहेत, पण ती नुसती ऐकत होती. रिकाम्या कळशीत पाणी पडतं तेव्हा खालचा ढबढब आवाज येतो आणि पाणी वर चढतं तसा सूर चढत जातो, शेवटी गळ्याशी आलं की एकदम झरझर वर.

कारण साधं आहे. कळशीत पाण्याच्या वर जी हवा उरलीये ती थरथरते, पाणी वाढलं की ती हवा कमी होते, आणि थरथरणारी गोष्ट जेवढी लहान किंवा हलकी तेवढा सूर वरचा. या लेखातले सगळे प्रयोग याच एका प्रश्नावर उभे आहेत: हलतंय काय, आणि ते केवढं आहे? प्रत्येक वेळी आधी हे विचारा, उत्तराचा अंदाज मोठ्याने सांगा आणि मगच वाजवा. अंदाज चुकला की खरी मजा, आणि एकदोन ठिकाणी तो नक्की चुकणारे, सांगून ठेवतो.

सुरुवात कळशीपासूनच करा. कळशी नसेल तर पाण्याची बाटली चालेल, डोळे मिटून नळाखाली धरा आणि भरायच्या दोन बोटं आधी नळ बंद करून दाखवा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला जमतंच.

सुरू करण्याआधी

मुलांना घेऊन बसणार असाल तर पहिला घोळ भाषेचा होतो. आपण मराठीत "वरच्या पट्टीत बोलू नकोस" म्हणतो तेव्हा खरं तर "मोठ्याने बोलू नकोस" असं सांगायचं असतं. "चढा आवाज" पण तसंच. आता माणूस ओरडतो तेव्हा त्याचा सूरही वर जातो, त्यामुळे भाषा अगदीच चूक नाही, पण प्रयोगात हे दोन वेगळे ठेवावे लागतात. टीव्हीचं बटण दाबल्यावर वाढतो तो आवाजाचा मोठेपणा. पेटीवर डावीकडून उजवीकडे गेल्यावर चढतो तो सूर, म्हणजे पिच. डास बारीक आवाजात पण वरच्या सुरात गुणगुणतो, ट्रक मोठ्याने पण खालच्या सुरात घरघरतो, हे उदाहरण दिलं की बहुतेक मुलांना लगेच कळतं.

सूर मोजतात हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. माणसाला साधारण २० ते २०,००० पर्यंतचं ऐकू येतं, वय वाढतं तसं वरचं टोक खाली येत जातं. मोबाईलवर कुठलंही ट्यूनर ॲप घ्या. मी फायफॉक्स वापरतो, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं, फुकट आहे, आणि त्यात सूर मोजता पण येतो आणि हवा तो सूर वाजवता पण येतो, पुढे दोन्ही लागणारेत.

स्टीलची फूटपट्टी

पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवा, थोडी बाहेर काढा, टेबलावरचा भाग तळहाताने घट्ट दाबा आणि बाहेरचं टोक टिचकीने खाली ओढून सोडा. दाबायचं अगदी कडेलाच, नाहीतर पट्टी टेबलावर आपटून नुसता खडखडाट होतो आणि सगळ्यांना वाटतं तोच सूर.

२५ सेंटीमीटर बाहेर काढलीत तर पट्टी हलताना डोळ्यांना दिसते पण सूर असा ऐकू येत नाही. एक मिलिमीटर जाडीची पट्टी २० सेंटीमीटर बाहेर असेल तर सेकंदाला विसेक हेलकावे घेते, म्हणजे बरोबर आपल्या कानाच्या उंबरठ्यावर. १० सेंटीमीटरवर आणलीत की एकदम ८० च्या आसपास, चांगला घुमणारा सूर. लांबी अर्धी केली तर हेलकावे दुप्पट नाही, चौपट होतात. हे पट्टीचं वैशिष्ट्य, तारेचं तसं नाही, ते पुढे बघूच.

मोबाईलमध्ये स्लो मोशन असेल तर २० सेंटीमीटरवाल्या पट्टीचा व्हिडिओ काढा. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा कॅमेरा असेल तर एका हेलकाव्याला बाराएक फ्रेम लागतात, बोटाने एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजता येतं. माझ्या भाचीने हे मोजलं आणि तेव्हा कुठे तिला पटलं की "सूर म्हणजे मोजता येणारी गोष्ट आहे", त्याआधी मी तासभर बोलत होतो ते सगळं वाया.

रबरबँडची फसवणूक आणि तंगुसाची तार

जवळजवळ सगळीकडे लिहिलेलं असतं की रबरबँड ताणा, सूर चढेल. दोन बोटांत रबरबँड धरून छेडा, मग अजून ताणा, परत छेडा. चढला? फारसा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं माझेच कान बिघडलेत. होतं असं की ताण वाढतो तशी लांबी पण वाढते, ताण सूर वर नेतो आणि लांबी खाली ओढते, दोघांची जवळपास फिटंफाट होते. त्यामुळे रबरबँड वापरायचा तर लांबी बांधून टाका: बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर चढवा, खाली दोन पेन्सिली सरकवा आणि त्या दोन पेन्सिलींमधलाच भाग छेडा. आता वरून, म्हणजे पेन्सिलीच्या पलीकडून ओढून ताण वाढवलात की सूर चढतो.

पण खरा प्रयोग तंगुसावर करा. मासे पकडायच्या गळाचा नायलॉनचा दोरा, अर्धा मिलिमीटर जाडीचा. एक टोक टेबलाच्या पायाला किंवा जड खुर्चीला बांधा, दोरा टेबलावरून नेऊन दुसरं टोक कडेवरून खाली सोडा आणि त्याला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली लटकवा. टेबलावर दोऱ्याखाली दोन पेन्सिली, बरोबर ५० सेंटीमीटर अंतरावर. बाटलीखाली उशी टाका, पाय ठेवू नका. गाठ नायलॉनची असल्यामुळे सुटते, दोनदा मारा, माझी बाटली पहिल्याच प्रयत्नात फरशीवर आली.

मोबाईल टेबलावर दोऱ्याजवळ ठेवा, छेडा आणि आकडा लिहा. मग अर्ध्याऐवजी दोन लिटरची बाटली लावा. वजन चौपट. आता अंदाज सांगा, सूर किती पट होईल? सगळे चार म्हणतात. माझ्याकडे पहिल्यांदा १५२ आला आणि नंतर २९७, म्हणजे दुप्पट, म्हणजे खालच्या सा वरून वरचा सां. तार चौपट ताणली की सूर दुप्पट. हा नियम १६३६ मध्ये मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने नीट मांडला, पण वजनाचं हे त्रांगडं त्याच्या आधी गॅलिलिओच्या बापाने, विन्चेंझो गॅलिलीने, करून बघितलं होतं. तो ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचा. त्याच्या काळापर्यंत पायथागोरसच्या नावावर अशी गोष्ट फिरत होती की दुप्पट वजन लावलं की वरचा सा मिळतो, आणि शेकडो वर्षं लोक ती लिहीत आले, बाटली लटकवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता वजन तेच ठेवून लांबी बदला. मधोमध, २५ वर, तिसरी पेन्सिल घाला: सूर दुप्पट. पट्टीसारखा चौपट नाही. आणि पेन्सिल अशी सरकवा की वाजणारा भाग ३३ सेंटीमीटर आणि थोडा राहील, म्हणजे दोन तृतीयांश. जो सूर येतो तो पंचम. तंबोरा ऐकलेला कान असेल तर "अरे!" असं आपोआप तोंडातून निघतं.

कणकेचा गोळा

फुगा कापा, स्टीलच्या वाडग्यावर ताणून बसवा, वरून रबरबँड. बोटाने टिचकी मारा. ढप्प असा, कुठलाही धड सूर नसलेला आवाज येईल. आता पोळीच्या कणकेची सुपारीएवढी गोळी चपटी करून बरोबर मधे चिकटवा आणि परत वाजवा. सूर खाली उतरतो हे तर दिसतंच, कारण हलणारं वजन वाढलं. पण अजून एक गोष्ट लक्ष देऊन ऐका, गोळी नीट मधे बसली आणि आकार जमला तर आवाज ढप्प न राहता जरा गोलसर, गाता होतो.

पखवाजवाले हेच करतात. भजनाला बसण्याआधी डाव्या बाजूला कणीक लावतात, वाजवून बघतात, थोडी काढतात, परत लावतात, आणि भजन संपलं की खरवडून टाकतात. तबल्याच्या शाईचं, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचं, कामही तेच, फक्त ती कायमची. साध्या चामड्याच्या ढोलात जे वेगवेगळे सूर एकदम निघतात त्यांचा आपसात मेळ नसतो म्हणून तो नुसता दणका वाटतो, शाईमुळे ते एकमेकांच्या पटीत येतात आणि तबला सा ला लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० मध्येच लिहिलं होतं, नोबेल मिळालं त्याच्या दहा वर्षं आधी. लहान मूल असेल तर फुग्याचे तुकडे लगेच उचलून ठेवा, तोंडात घालतात. कणीक टाकू नका, नंतर लागणारे.

एकच बाटली, दोन उलटी उत्तरं

सगळ्यात आवडता प्रयोग हा. काचेची बाटली, सरबताची, सॉसची, कुठलीही. पाव भरा. पेन्सिलने किंवा लाकडी उलथन्याच्या दांड्याने बाहेरून हळूच वाजवा, स्टीलच्या चमच्याने नको, टवका उडतो. मग अर्धी भरा, मग पाऊण. सूर खाली खाली जातो.

आता त्याच बाटलीच्या तोंडावरून फुंका. बाटलीत नाही, तोंडाच्या काठावरून आडवं, खालचा ओठ काठाला टेकवून. पाणी वाढवत जा. सूर वर वर जातो!

पाणी तेच, बाटली तीच, उत्तर उलटं. इथेच तो प्रश्न विचारायचा. वाजवता तेव्हा काच हलते आणि पाणी तिच्या अंगावर ओझं होऊन बसतं, ओझं वाढलं, सूर उतरला. फुंकता तेव्हा आतली हवा हलते, पाणी वाढलं की हवेला जागा कमी, सूर चढला. कळशीचा प्रकार दुसऱ्या जातीचा, जलतरंगाचा पहिल्या. जलतरंगवाला वाडग्याचा सूर वर न्यायचा असेल तर पाणी काढतो. तुम्ही काचेचे ग्लास घेऊन सा रे ग म लावायला बसलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा, पहिल्या अर्ध्या ग्लासापर्यंत सूर जेमतेम हलतो आणि काठाजवळ गेल्यावर दोन चमच्यांनी पण बराच उतरतो, कारण काच सगळ्यात जास्त काठाशीच थरथरते. नवीन माणूस खाली पाणी ओतत राहतो आणि मग वर एकदम भसकन घालतो.

कॉफीचा मग

हा दोन मिनिटांचा. चिनी मातीच्या उंच मगात गरम पाणी, त्यात इन्स्टंट कॉफी टाका, एकदा ढवळा आणि लगेच चमच्याच्या मागच्या टोकाने मगाच्या तळाशी आतून टकटक करत राहा, एकाच लयीत. पहिले टोले खालच्या सुरात, मग दर टोल्याला सूर चढत जातो, अर्ध्या-एक मिनिटात बराच वर. परत ढवळलं की परत खाली.

इथे हलतंय ते मगातलं पाणी. पावडरीमुळे बारीक बुडबुडे सुटतात, बुडबुडे असलेल्या पाण्यात आवाजाचा वेग खूप कमी होतो, म्हणून सूर खाली. बुडबुडे वर निघून जातात तसा वेग आणि सूर दोन्ही परत चढतात. अमेरिकेतल्या फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये याच्यावर लेख लिहिला तेव्हा हॉट चॉकलेटचं नाव दिलं, पण आपल्याकडे कॉफीने उत्तम होतं, नंतर प्यायची.

बादलीत आवाजाचा वेग मोजा

याला वायरिंगचा पाईप लागतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात २५ मिलिमीटरचा मागा, ४० सेंटीमीटरचा तुकडा पुरे. बादली भरा. पाईप पाण्यात उभा बुडवा, वरचं तोंड बाहेर. मोबाईलवर ४४० हर्ट्झचा सूर लावा, आवाज बारीक ठेवा, आणि मोबाईलचा स्पीकर पाईपच्या तोंडाशी एखाद सेंटीमीटरवर धरा. म्हणजे धरायला दुसरं माणूस ठेवा, माझा मोबाईल एकदा बादलीत गेलाय आणि तांदळात ठेवून काही होत नाही.

आता पाईप हळूहळू वर उचला. एका ठिकाणी सूर अचानक फुगतो, पाईप स्वतः गायला लागल्यासारखा. मागे-पुढे करून ती जागा पक्की करा, पाण्याच्या वर किती पाईप आहे ते मोजा. मला १९.१ सेंटीमीटर आला. यात पाईपच्या आतल्या त्रिज्येच्या ०.६ पट मिळवायचं, कारण हवा तोंडाच्या जरा बाहेरपर्यंत हलते, २५ च्या पाईपला ते साधारण ०.७ होतं. झाले १९.८. एका टोकाला बंद नळीत लाटेचा पाव भाग मावतो, म्हणून चारने गुणा: ७९.२ सेंटीमीटर. गुणिले ४४०. सेकंदाला ३४८ मीटर आणि वर थोडं.

पुस्तकात ३४३ असतं म्हणून लोक म्हणतात प्रयोग चुकला. नाही चुकला. ३४३ हा २० अंशांचा आकडा आहे, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी ३० होते. ३३१ मध्ये तापमानाच्या ०.६ पट मिळवली की वेग येतो, ३० अंशांना ३४९. बादली आणि मोबाईलच्या हिशोबाने हे फारच चांगलं आहे, मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होतो.

पाईपांचं सप्तक

आता २० मिलिमीटरचा पाईप घ्या, दोन मीटर पुरतो. खालचं तोंड कणकेने बंद करायचं आणि वरच्या तोंडावरून बाटलीसारखं फुंकायचं. सा ३० सेंटीमीटरचा धरला तर हिशोब इतका सरळ येतो की विश्वास बसत नाही: रे २६.७, ग २४, म २२.५, प २०, ध १८, नि १६, सां १५. सा पेटीच्या पांढरी दोनच्या आसपास लागतो.

पण एवढंच कापलंत तर फसाल, मी फसलो. माझा खालचा सा छान आणि वरचा सां उतरलेला, स्पष्ट बेसूर. कारण तेच, तोंडाबाहेर हलणारी ती थोडीशी हवा. ती सगळ्या पाईपांना सारखीच, अर्धा सेंटीमीटर, पण ३० मध्ये अर्धा कळत नाही आणि १५ मध्ये चांगलाच कळतो. म्हणून प्रत्येक आकड्यातून अर्धा सेंटीमीटर वजा करा: सा २९.५, रे २६.२, ग २३.५, म २२, प १९.५, ध १७.५, नि १५.५, सां १४.५. ही लांबी आतल्या हवेची, म्हणजे तोंडापासून कणकेपर्यंत.

आणि पाईप मात्र दोन-दोन सेंटीमीटर जास्तच कापा. हॅक्सॉ ब्लेडने कापून कडा पॉलिश पेपरने घासा, ओठाला लागतात. कणकेची गोळी खालून घाला आणि पेन्सिलीने वर ढकलत ढकलत ॲपवर बघून सूर लावा. कमी पडला तर ढकला, चढला तर वरून दुसऱ्या पेन्सिलीने मागे सारा. कणीक घट्ट मळलेली हवी, सैल असली की आत चिकटून राहते आणि सूर घसरतो. एकाच जागी ओठ ठेवून, एकाच जोराने फुंका, ओठाने तोंड जास्त झाकलं की पण सूर उतरतो, हे ॲपवर लगेच दिसतं. सगळे लागले की चिकटपट्टीने शेजारी शेजारी बांधा, लहान-मोठ्या क्रमाने.

कणीक एका दिवसापुरती. आमच्याकडे रात्रभर तशीच राहिली आणि सकाळी नि मध्ये मुंग्या होत्या. ठेवायचे असतील तर मेणबत्तीचं मेण मऊ करून बसवा.

मेणाचे पाईप मी गेल्या मे महिन्यात लावून ठेवले होते. जानेवारीत सकाळी सहज काढून फुंकले तर सगळेच्या सगळे उतरलेले, पण एकमेकांशी अगदी सुरात. थंडीत आवाज हळू जातो, बादलीतलाच हिशोब, १५ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्ध्या सुराची निम्मी घसरण. तेव्हा हिवाळ्यात ॲप बघून मेण सरकवायला जाऊ नका, दुपारी ऊन आलं की पाईप परत वर येतात.